बालविकासाचा ऑनलाइन कोर्स: पियाजे झकास, पुढे घाई

तिसरीला गणित शिकवता शिकवता मी शिक्षकांसाठीचा हा कोर्स केला. मुलांचा विचार वयानुसार कसा बदलतो हे मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ पियाजेचा भाग घेण्यासारखाच आहे. तेच पाणी उंच ग्लासात ओतलं की 'वाढलं' असं पाच वर्षांचं मूल का म्हणतं, हे व्हिडिओत मुलांच्याच तोंडून ऐकायला मिळतं. आणि लगेच प्रश्न येतो: तुमच्या वर्गात काड्यांचे गठ्ठे कुठे आहेत? मी कपाटातले बाहेर काढले. ५२ वजा २७ करताना दोन काड्यांतून सात जाईनात, तेव्हा एका मुलीने दशकाच्या गठ्ठ्याचं रबर काढलं आणि म्हणाली, "बाई, आता बारा सुट्या झाल्या!" फळ्यावर हातचा मांडून हे इतकं स्वच्छ कधीच पोचत नाही.

खटकलं ते असं. मूल हाताळता येणाऱ्या वस्तूंवरून तर्क करतं तो पियाजेचा सात ते अकरा वर्षांचा टप्पा रेल्वेच्या वेळापत्रकासारखा सांगितलाय; माझ्या वर्गातली मुलं त्या वेळेवर धावत नाहीत. शिकणाऱ्याला आधार देण्याची मांडणी सरळ रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीच्या नावावर टाकलीय. ती त्याच्या विचारांच्या जवळची असली, तरी वूड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांच्या १९७६च्या लेखातली. बरं, नाव राहू द्या; पण आधार काढून कधी घ्यायचा, हे तर सांगा! वर्गात खरी अडचण तिथेच येते. भावनिक-सामाजिक वाढीचे टप्पे मांडणारा एरिक्सन एका स्लाइडमध्ये उरकलाय. चाचणी निव्वळ पाठांतराची.

पहिली ते चौथीला शिकवत असाल तर पियाजेपुरता जरूर करा. माध्यमिकवाल्यांच्या हाती फारसं लागणार नाही.