चंद्रप्रकाशाचं ध्रुवण, तीन रंगांत: काही महिने वापरून झाल्यावर

८० मिमीची लेन्सची दुर्बीण, काळा-पांढरा सीमॉस कॅमेरा, निळ्या-हिरव्या-तांबड्या फिल्टरांचा संच आणि कॅमेऱ्यापुढे फिरवता येणारा रेषीय पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारा फिल्टर. पावसाळा संपल्यापासून एवढ्यावर चंद्रप्रकाशाचं ध्रुवण, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत किती जुळलेली आहेत ते, मोजतोय. सामान जरूर घ्यावं, पण तिन्ही रंगांसकट.

पोलरायझर ०, ४५, ९० आणि १३५ अंशांवर ठेवून चार फोटो घ्यायचे. ० आणि ९० मधला फरक, ४५ आणि १३५ मधला फरक. यांवरून ध्रुवण किती आणि कोणत्या दिशेला, ते निघतं. चंद्रावरच्या गडद सागरांचं (काळसर दिसणाऱ्या डागांचं) ध्रुवण उजळ पठारांपेक्षा जास्त येतं, हे एका रंगातही कळतं. खरा आनंद फिल्टर बदलल्यावर! त्याच सागराचं ध्रुवण निळ्यात जास्त, तांबड्यात कमी. चंद्राची माती निळा प्रकाश जास्त शोषते. त्यामुळे कणाकणांत अनेकदा उसळून ध्रुवण गमावलेला प्रकाश निळ्यात कमीच बाहेर पडतो. पृष्ठभाग जितका गडद तितकं ध्रुवण जास्त, हा रशियन भौतिकशास्त्रज्ञ निकोलाय उमोव्ह यांनी १९०५ मध्ये मांडलेला संबंध गच्चीवरून स्वतः मोजता येतो, यासाठी मी कितीही रात्री जागेन.

तीन गोष्टी सांभाळा. स्वस्त पोलरायझर अवरक्त प्रकाशाला जवळजवळ अडवतच नाहीत, म्हणून अवरक्त रोखणारा फिल्टर हवाच. दुसरं, शुद्ध अष्टमीला चंद्र सूर्यापासून ९० अंशांवर असतो आणि संधिप्रकाशातल्या आकाशाचं ध्रुवणही नेमकं तिथेच सर्वांत जास्त असतं. पूर्ण अंधार पडू द्या. तिसरं, डायगोनल काढून ठेवा, त्यातला तिरका आरसा स्वतःचं ध्रुवण मिसळतो.

चार फोटो एकापाठोपाठ येतात, मध्येच विरळ ढग आला की आकडे गेले. मोठ्या उपकरणांत ही अडचण मुळातच टाळलेली असते. पुणे जिल्ह्यात आयुका या खगोलसंस्थेच्या गिरवली वेधशाळेतल्या २ मीटर दुर्बिणीवरच्या आयफोस्क या कॅमेरा-वर्णपटमापकात ध्रुवणाची दिशा वळवणारी अर्धतरंग पट्टी फिरते आणि वोलास्टन प्रिझम दोन्ही ध्रुवणांच्या प्रतिमा एकाच वेळी देतो. फिनलंडमधल्या तुओर्ला वेधशाळेच्या संशोधकांनी घडवलेलं डायपोल-२ हे ध्रुवणमापक त्याहून पुढे जातं. काही रंग परावर्तित करून बाकीचे पार जाऊ देणाऱ्या डायक्रोइक आरशांनी प्रकाश विभागून निळा, हिरवट-पिवळा आणि तांबडा हे तिन्ही पट्टे ते एकदमच मोजतं.

पौर्णिमेच्या आसपास ध्रुवणाची दिशा काटकोनात फिरते, पण प्रमाण जेमतेम एक टक्का. हाताने पोलरायझर फिरवून ते खात्रीने पकडता येत नाही. त्यासाठी आता नेमक्या छोट्या टप्प्यांनी फिरणारी स्टेपर मोटर जोडतोय.