एरिक व्हिटकरचा ‘द सेक्रेड व्हेइल’: सलग तासभर वेळ असेल तेव्हाच लावा

कॉयर, म्हणजे समूहगान, ऐकणाऱ्यांना संगीतकार एरिक व्हिटकर नवीन नाही, पण बहुतेकांना तो माहितीये तो व्हर्च्युअल कॉयरवाला म्हणून. २०१० मध्ये १२ देशांतल्या १८५ जणांनी आपापल्या जागी कॅमेऱ्यासमोर गायलं आणि ते व्हिडिओ जोडून याने एक कॉयर उभा केला, मग आकडा वाढतच गेला, २०२० मध्ये तर १२९ देशांतले १७,५७२ लोक. मीपण तिथूनच त्याच्याकडे आले. शेजारशेजारचे स्वर एकावर एक चढवून केलेल्या दाट कॉर्ड्स (एकाच वेळी वाजणारे स्वर), आधी कानाला जरा खुपतात आणि मग हळूहळू उजळत जातात, ही त्याची ओळख. सुंदरच असतं, पण सलग तीन-चार रचना ऐकल्या की मला तरी सगळं एकाच रंगाचं वाटायला लागतं, म्हणून हा अल्बम मी बरेच दिवस बाजूला ठेवला होता. नको होता ठेवायला.

अल्बम आला २०२० मध्ये, सिग्नम क्लासिक्स या रेकॉर्ड कंपनीकडून. गायलाय लॉस एंजेलिस मास्टर कोराल या कॉयरने, सोबत फक्त एक चेलो आणि एक पियानो, आणि कंडक्टर स्वतः व्हिटकर. १२ भाग, साधारण तासाभराचं काम. पहिला प्रयोग फेब्रुवारी २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्याच वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉलमध्ये झाला होता.

शब्द आहेत कवी चार्ल्स अँथनी सिल्व्हेस्ट्रीचे, आणि त्याची आणि व्हिटकरची दोस्ती माहीत असेल तर ऐकताना फार फरक पडतो. ‘स्लीप’ ही व्हिटकरची गाजलेली रचना मुळात रॉबर्ट फ्रॉस्टच्या कवितेवर होती, पण फ्रॉस्टच्या वारसांनी परवानगी नाकारली, तेव्हा तयार चालीवर तंतोतंत बसतील असे नवे शब्द सिल्व्हेस्ट्रीनेच लिहून दिले. म्हणजे इतकी वर्षं हा मित्राच्या सुरांना शब्द पुरवत होता. इथे उलटं झालंय. सिल्व्हेस्ट्रीची बायको ज्युली २००५ मध्ये ओव्हरीच्या कॅन्सरने गेली, ३६ वर्षांची होती, मुलं लहान. पुढे बरीच वर्षं गेल्यावर त्याने ते कागदावर आणलं आणि मित्राने त्याला सूर दिले. काही भागांत तर खुद्द ज्युलीने लिहून ठेवलेलेच शब्द आहेत.

सुरुवातीलाच कॉयर सांगतो की जन्म असो की मृत्यू, दोन जगांमधला पवित्र पडदा, तोच नावातला ‘सेक्रेड व्हेइल’, तेव्हा विरळ होतो आणि जरासा उघडतो. मग दोघांची ओळख, प्रेम, संसार. ‘होम’ नावाचा तिसरा भाग मी पहिल्या दिवशी चार वेळा ऐकला. तुझ्यापाशी आलं की घरी आल्यासारखं वाटतं, बस्स, एवढंच म्हणणं, पण ‘होम’ या शब्दाचा शेवटचा ‘म’ सगळा कॉयर ओठ मिटून धरून ठेवतो आणि त्याच्याखालून चेलो सरकत येतो तेव्हा खरंच घरात दिवा लागल्यासारखं होतं.

आणि मग सहावा भाग, ‘आय ॲम अफ्रेड’. डॉक्टर वाईट बातमीआधी म्हणतात ना, सांगायला वाईट वाटतंय पण काहीतरी सापडलंय, तेच वाक्य. त्याच्या पाठोपाठ रिपोर्टमधले मेडिकल शब्द, गायलेले. रिपोर्ट कोणी गाऊ शकतं असं मला कधी वाटलंच नव्हतं. माझ्या बाबांच्या वेळी आम्ही असेच कागद हातात धरून बसलो होतो, एकेक शब्द वाचायचा, त्याचा अर्थ कळायचा नाही आणि तरी कळायचा. इथे ते जसंच्या तसं आहे. व्हिटकरने त्याच्या नेहमीच्या उजळणाऱ्या कॉर्ड्स इथे दिलेल्या नाहीत, आणि माझ्या मते हाच त्याच्या आत्तापर्यंतच्या कारकिर्दीतला सगळ्यात धाडसी निर्णय आहे. ज्या गोष्टीने नाव दिलं ती गोष्ट नेमक्या जागी न वापरणं सोपं नसतं.

गाणाऱ्यांबद्दल काय बोलू, व्हिटकर २०१६ पासून या कॉयरसोबत आर्टिस्ट-इन-रेसिडन्स, म्हणजे ठरावीक काळासाठी जोडलेला कलाकार, म्हणून होता आणि तो सराव ऐकू येतो. इतक्या हळू लयीत आवाज खाली उतरू न देणं, सगळ्यांनी एकत्र श्वास घेणं, एकत्र थांबणं, फार अवघड असतं ते. थांबण्याच्या जागा तर कमाल आहेत. लिहिणारा आणि कंडक्ट करणारा एकच असल्यामुळे कुठेही घाई नाही, शांतता पूर्ण होऊ देतो तो. जेफ्री झाइगलरचा चेलो अगदी जवळून रेकॉर्ड केलाय, तारेवर बो (गज) टेकतो तो क्षणपण कळतो.

तक्रार आहे थोडी. पियानोचे काही तुकडे सिनेमाच्या पार्श्वसंगीताकडे झुकतात, तिथे मला हात जरा आखडता हवा होता. आणि शब्द समोर घेऊनच ऐका, इंग्रजी चांगलं असलं तरी, कारण कॉयरमध्ये शब्द विरघळतात आणि इथे शब्द निसटला तर अर्धी गोष्ट निसटते. फोनच्या स्पीकरवर तर अजिबात नको, हेडफोन घ्या, शफल बंद ठेवा.

व्हिटकर लास व्हेगासला कॉलेजात होता तेव्हा त्याला नोटेशनही वाचता येत नव्हतं, कॉयरमध्ये शिरला आणि तिथे गायला मिळालं ते मोझार्टचं ‘रिक्विएम’, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना. तिथून निघालेला माणूस इथे येऊन पोचलाय. अकराव्या भागात ज्युली शेवटचे श्वास घेते, ती वर जातेय आणि सिल्व्हेस्ट्री खाली कोसळतोय, तो भाग मी दुसऱ्यांदा अजून लावलेला नाही. पण तिथे बंद करू नका. बाराव्या भागात, अगदी शेवटी, कॉयर तिला सांगतो, घरी ये, आणि तो तिसऱ्या भागातलाच ‘होम’ असतो, पुन्हा ओठ मिटून धरलेला.