कोरलच्या टाकीत ॲनिमोन: एकत्र, वेगळं की नकोच?

खाऱ्या पाण्याची टाकी लावायचं ठरलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एकच चित्र असतं: मधोमध ॲनिमोन (समुद्रफूल), त्यात लोळणारा नेमो आणि भोवती रंगीत कोरल (प्रवाळ). हे जमतं का? जमतं. पण तीन फुटांच्या टाकीत जमवणं आणि चार फुटांच्या टाकीत जमवणं यात फार अंतर आहे. नाशिकच्या हवेत तर मुंबईकरांचे सल्ले जसेच्या तसे चालतही नाहीत. तुमच्यापुढे पर्याय तीन आहेत: दोन्ही एकाच टाकीत, ॲनिमोनला स्वतंत्र छोटी टाकी, किंवा ॲनिमोन सोडून फक्त कोरल.

पाण्यावरून या दोघांचं भांडण नाही. दोघांनाही 24 ते 27 अंश तापमान, 1.025 च्या आसपास विशिष्ट गुरुत्व (म्हणजे क्षारतेचं माप) आणि शून्य अमोनिया लागतो. दोघांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर अन्न तयार करून देतं, त्यामुळे दिवाही चांगलाच हवा. फरक एवढाच, की कठीण कोरल कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बांधतात. त्यांच्या टाकीत कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) सतत उतरत राहते आणि डोसिंग, म्हणजे ते वरून मोजून घालत राहणं, मागे लागतं. ॲनिमोनला सांगाडाच नाही. त्याला नियमित पाणी बदललं आणि आठवड्यातून एकदा कोळंबीचा नखाएवढा तुकडा दिला की पुरतं.

खरी अडचण पायाची आहे. कोरल तुम्ही जिथे चिकटवाल तिथे राहतो. ॲनिमोनला तळाशी मांसल पाय असतो आणि जागा पटली नाही की तो सरळ चालायला लागतो. बहुतेकदा रात्री, टाकीचे दिवे बंद झाल्यावर. आधी अंग आकसून घेतो, पायाची एक कड दगडावरून सुटते, पुढे चिकटते, मग मागची कड ओढली जाते. हे इतकं सावकाश चालतं, की बघत बसलात तर काही हलतंय असं वाटणारही नाही. सकाळी मात्र तो वीतभर पलीकडे आणि वाटेतल्या कोरलचं मांस पांढरं पडलेलं. त्याच्या प्रत्येक बोंडात, म्हणजे बोटांसारख्या हलत्या शुंडकात, डंख पेशींचा साठा असतो. नुसता स्पर्श झाला तरी त्या सुटतात.

चालता चालता तो वेव्हमेकरपाशी (टाकीत प्रवाह तयार करणाऱ्या पंपापाशी) पोचला तर नुकसान त्याच्या एकट्याचं राहत नाही. पात्यात अडकून ॲनिमोनचा चुरा झाला की सडणाऱ्या मांसाने अमोनिया चढतो आणि छोट्या टाकीत मासे, कोरल सगळंच धोक्यात येतं. म्हणून ॲनिमोन आणायच्या आधी वेव्हमेकरला स्पंजचं किंवा जाळीचं आवरण घाला. त्याने प्रवाह थोडा कमी होतो, स्पंज दर काही दिवसांनी धुवावा लागतो, कंटाळा येतो. तरी घाला.

एकत्र ठेवायचंच असेल तर ॲनिमोनची बबल टिप ही जातच घ्या. कार्पेट ॲनिमोन दिसायला भारी, पण त्याचा डंख जबर असतो आणि तो छोटे मासे गिळतो. मॅग्निफिका जातीचा ॲनिमोन भटक्या म्हणून कुप्रसिद्ध आहे, पहिल्या टाकीत त्याचं नावही नको. बबल टिप दगडाच्या खबदाडीत पाय खोचून बसतो आणि एकदा जागा आवडली की बराच काळ तिथेच राहतो. त्याची खोड वेगळी: तो मधून फाटून एकाचे दोन होतो. दोन्ही तुकडे जगले की आनंद होतो, पण त्यातला एक नवी जागा शोधायला निघतो आणि मग वरची सगळी कथा पुन्हा सुरू.

इथे नेमोबद्दलही सांगून टाकतो. दुकानात नेमो म्हणून मिळणारा ऑसिलॅरिस क्लाऊनफिश समुद्रात बबल टिपमध्ये राहतच नाही. त्याचं घर मॅग्निफिका आणि दोन जातींच्या कार्पेटमध्ये. टाकीत बरेच ऑसिलॅरिस बबल टिप स्वीकारतात, काही महिनोन्‌महिने त्याच्याकडे बघतही नाहीत. 'मरून' या दुसऱ्या जातीचा क्लाऊनफिश मात्र निसर्गातही बबल टिपमध्येच राहतो, पण त्याचा स्वभाव इतका भांडखोर, की छोट्या टाकीत दुसऱ्या माशांना जगू देत नाही. आणि क्लाऊनफिशला घरच्या टाकीत ॲनिमोन लागतच नाही. त्याला खाणारं तिथे कोणी नसतं. ॲनिमोन हवा तो तुम्हाला, माशाला नव्हे. हे मान्य केलं की निम्मा निर्णय झालाच.

आता कोरलकडे. इथे आवडीनिवडीच्या आधी कायदा येतो आणि दुकानदार तो सहसा सांगत नाहीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली सगळे खडक बांधणारे कठीण कोरल आले. सोबत काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि सी फॅनही. हॅमर, टॉर्च, ॲक्रोपोरा हे सगळे कठीण कोरलच. 'बाहेरचा माल आहे' या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. कागद मागा आणि शंका असेल तर घेण्याआधी वन विभागाकडे विचारा. मालवणला सहलीला गेलात तर ओहोटीच्या खडकातलं समुद्रफूल किंवा प्रवाळाचा तुकडा पिशवीत घालून आणायचा विचारही नको. तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे.

त्यामुळे माझा कल मऊ कोरलकडे आहे: मशरूम, लेदर, झोअँथस, ग्रीन स्टार पॉलिप. सुदैवाने ॲनिमोनशी पटण्यातही त्यांच्यातलेच काही बरे. मशरूमला कमी उजेड चालतो, म्हणून ते खाली सावलीत लावता येतात आणि ॲनिमोनला वरचा उजेडाचा भाग मोकळा राहतो. ग्रीन स्टार इतका फोफावतो, की एखादा डाग जळाला तरी पुन्हा भरून येतो. झोअँथस डंखाने लवकर मिटतात, त्यांना दुसऱ्या टोकाला ठेवा. लेदर गप्प दिसतो, पण पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्यांना छळतो. तो आणि ॲनिमोन एकाच टाकीत असतील तर ॲक्टिव्हेटेड कार्बन (ही रसायनं शोषून घेणारा कोळसा) कायम चालू ठेवा आणि वेळेवर बदला.

जागेचा हिशोब असा. 3 बाय दीड बाय दीड फुटांच्या टाकीत काठोकाठ धरून सुमारे 190 लिटर पाणी मावतं, 4 बाय 2 बाय 2 मध्ये साधारण 450. आकडा लिटरचा असला तरी महत्त्व अंतराचं आहे. चार फुटांत ॲनिमोनसाठी एका बाजूला दगडांचं वेगळं बेट रचता येतं आणि मध्ये वीतभर रिकामी वाळू सोडता येते. दगडावर रुळलेला बबल टिप मोकळी वाळू ओलांडायला सहसा तयार नसतो. खात्री नाही, पण बराच अटकाव होतो. तीन फुटांत हे बेट काढलं तर कोरलला उरतं काय?

नाशिकची हवा या सगळ्यात दोन बाजूंनी बोलते. मार्च ते मे इथे ऊन चाळिशीला टेकतं, पण हवा कोरडी असते. त्यामुळे पाण्यावर लावलेला साधा पंखा टाकी दोन-तीन अंशांनी उतरवतो. दमट मुंबईत तोच पंखा इतकं काम करत नाही, म्हणून तिकडचे लोक थेट चिलर (पाणी गार करणारं यंत्र) सांगतात. इथे आधी पंखा लावून बघा. मात्र पंख्याने पाणी झपाट्याने उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणजे क्षारता चढत जाते. रोज आरओचं गोडं पाणी घाला किंवा उडालेलं पाणी आपोआप भरणारं ऑटो टॉप-ऑफ बसवा. मऊ कोरल थोडा चढउतार सोसून घेतात. ॲनिमोन अशा वेळी पाय सोडतो.

डिसेंबर-जानेवारीत उलट. रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो आणि 'हीटरची गरज नाही' हा मुंबईचा सल्ला इथे टाकी मारतो. एका मोठ्या हीटरपेक्षा दोन मध्यम घ्या, एक बंद पडला तरी रात्र निघते. हीटरलाही पिंजरा हवाच, ॲनिमोन त्याला चिकटून भाजून निघाल्याची उदाहरणं थोडी नाहीत. वळवाच्या पावसात वीज जाते तेव्हासाठी किमान एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घ्या. आधी प्राणवायू संपतो, उजेडाचं नंतर बघता येईल.

तर निवड कशी करायची? टाकी तीन फूट किंवा लहान असेल तर एकत्र ठेवू नका, एवढं मी ठामपणे सांगतो. कोरल हवे असतील तर मऊ कोरल लावा आणि एक मोठा टोडस्टूल लेदर ठेवा. नशीब असेल तर क्लाऊन त्यातच लोळायला लागतो आणि चित्र जवळपास तेच दिसतं. ॲनिमोनच हवा असेल तर दोन फुटांच्या टाकीत तो, क्लाऊनची जोडी आणि दगडांचा एक ढिगारा. त्याच्या फुटण्या-चालण्याची मजा निर्धास्त बघता येते, आणि खरं तर तीन पर्यायांत मला हाच सगळ्यात आवडतो. खर्च कमी, बघायला तेवढंच, कोणाचा कोणाला त्रास नाही.

चार फूट आणि वर असेल तर एकत्र करा, पण क्रम उलटा धरा. आधी टाकी निदान सहा महिने मुरू द्या. मग पहिला ॲनिमोन सोडा आणि त्याला घरमालकासारखी जागा निवडू द्या. तो महिना-दोन महिने हलला नाही की मग त्याच्यापासून वीतभर दूर कोरल मांडा. भरलेल्या कोरलच्या टाकीत शेवटी ॲनिमोन टाकणारे लोक सगळ्यात जास्त रडतात.

खरेदीच्या दिवशी पाय नीट बघा. ॲनिमोन दुकानातल्या काचेवरून खरवडून काढलेला असेल तर पायाला चीर पडते आणि तो घरी येऊन सडतो. तोंड घट्ट मिटलेलं हवं, बोंडं बोटाला चिकटायला हवीत. झगझगीत पिवळा किंवा जांभळा दिसला तर रंगवलेला असण्याचीच शक्यता जास्त, आणि शुभ्र पांढरा म्हणजे अंगातलं शैवाल गमावलेला, अर्धा उपाशी. तपकिरी, हिरवट किंवा शैवाल शाबूत असलेला लालसर घ्या. मुंबईहून आणत असाल तर समृद्धीवरून आता वेळ कमी लागतो, तरी थर्माकोलचा डबा न्या. थंडीत इगतपुरी ओलांडताना गाडीत ठेवलेल्या पिशवीचं पाणी चटकन गार होतं.