गुजरेराचं पान: बडोद्यात फ्लॅट बुक करण्याआधी ते कसं वाचावं

सँपल हाउस बघायला गेलं की पाणी येतं, ब्रोशर येतं, आणि पाठोपाठ "या रविवारपर्यंत बुक केलंत तर जुन्याच भावात बसवून देतो" हे वाक्यही येतं. त्याच स्कीमचं एक पान गुजरात रेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर असतं. ते मात्र आपणच शोधून काढावं लागतं. बडोद्यात नवं घर घेणाऱ्याच्या दृष्टीने त्या पानाचं हे परीक्षण. बघायला पैसे पडत नाहीत, आणि घर पारखायची जी साधनं हाताशी आहेत त्यांत याच्याइतकं कामाचं दुसरं नाही. पण ते वाचायचं कसं हे ठाऊक नसेल, तर "रेरा नंबर आहे ना, मग झालं" एवढ्यावर माणूस निश्चिंत होतो, आणि नेमका तिथेच फसतो.

रेरा नोंदणीला घराचं प्रशस्तिपत्र समजू नका. अर्ज आल्यावर प्राधिकरणाला 30 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तेवढ्यात कुणी जागेवर येऊन सिमेंट तपासत नाही, की जमिनीचे जुने वाद उकरत नाही. पानावरची माहिती बिल्डरनेच भरलेली असते, फॉर्म बी नावाच्या शपथपत्रासह. तिची खरी किंमत यातच आहे. सेल्स ऑफिसात जो तोंडी काहीही बोलतो तो इथे लेखी बांधला गेलेला असतो. म्हणून हे पान एकटं वाचण्यात अर्थ नाही. एका हातात ब्रोशर, दुसऱ्या हातात पान, आणि डोळ्यांसमोर प्रत्यक्ष जागा: तिन्ही जुळतात का, ते बघायचं.

शोधताना स्कीमच्या नावाने शोधू नका. 'हाइट्स', 'स्काय', 'ग्रीन्स' लावलेली सारखी नावं गोत्रीपासून वाघोडिया रोडपर्यंत पसरलेली आहेत. जाहिरातीत नोंदणी क्रमांक छापणं कायद्याने बंधनकारक आहे. पीआर/जीजे ने सुरू होणारा तो अख्खा क्रमांकच टाका. पान उघडलं की आधी टॉवरची नावं वाचा. मोठ्या स्कीममध्ये ए आणि बी टॉवर एका क्रमांकाखाली, सी आणि डी दुसऱ्या क्रमांकाखाली, आणि क्लबहाउस तिसऱ्या, अजून न नोंदवलेल्या फेजमध्ये, असं सर्रास असतं. तुमच्या क्रमांकाच्या पानावर जी सुविधा नाही ती उद्या मागायला तुमच्याकडे आधार नाही. जागा 500 चौरस मीटरपर्यंतची किंवा घरं आठपर्यंत असतील तर नोंदणी लागतच नाही. जुनं टेनामेंट (छोटं स्वतंत्र घर) पाडून त्या जागी उभ्या राहिलेल्या छोट्या इमारती बहुधा यात मोडतात. तिथे हे पान मिळणार नाही, आणि सगळी तपासणी वकिलाकरवी करून घ्यावी लागेल.

आता क्षेत्रफळ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतात. बडोद्यात आजही भाव सुपर बिल्टअपवर, म्हणजे भिंती आणि जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून, बोलला जातो. रेराच्या पानावर मात्र प्रत्येक प्रकारच्या घराचा कार्पेट (घराच्या आतलं वापराचं क्षेत्रफळ) चौरस मीटरमध्ये असतो. समजा, तुम्हाला 1,350 फुटांचा फ्लॅट 47 लाखांत सांगितला, म्हणजे फुटाला साधारण 3,480 रुपये. पानावर त्याच फ्लॅटचा कार्पेट 68.50 चौरस मीटर आहे. 10.764 ने गुणा: 737 चौरस फूट. म्हणजे खरा भाव फुटाला सुमारे 6,375 रुपये. शेजारच्या स्कीमचा भाव सुपर बिल्टअपवर 3,700 असला, पण तिथे कार्पेटचं प्रमाण जास्त असलं, तर तीच स्वस्त ठरू शकते. दोन स्कीमची तुलना फक्त या आकड्यावरच करा. कायद्यातल्या कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंती धरलेल्या असतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी टेरेस धरत नाहीत. स्वयंपाकघरामागचं वॉश (धुण्याभांड्यांची जागा) कशात मोजलंय हे विचारून घ्या आणि बानाखतात, म्हणजे विक्रीच्या करारात, वेगळ्या आकड्याने लिहून घ्या.

जागेवर टेप घेऊन जा. नकाशातली मापं सहसा विटेपासून विटेपर्यंतची असतात, तुमची टेप प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंत चालते. दोन्ही भिंतींचं मिळून 25 ते 30 मिलिमीटर यात जातात. नकाशात 3.35 मीटर असलेली बेडरूम 3.32 भरली तर कुरकुर नको. 3.20 भरली तर कॉलम कुठे आत आलाय ते बघा, कारण ते 15 सेंटिमीटर म्हणजे पलंग आणि कपाट यांच्यामधली चालायची वाट आहे.

बिल्डरने दर तिमाहीला पान ताजं करायचं असतं: किती घरं बुक झाली, किती पार्किंग दिली, कुठल्या मंजुऱ्या आल्या, काम कुठवर आलं. आर्किटेक्टच्या दाखल्यात दोन तक्ते असतात. पहिला इमारतीचा: खोदकाम, प्लिंथ, स्लॅब, भिंती, लिफ्ट अशा टक्केवारीने. दुसरा सामाईक कामांचा: आतले रस्ते, पाणीपुरवठा, ड्रेनेज, पावसाच्या पाण्याचा निचरा. लोक पहिला बघतात आणि दुसरा सोडून देतात. भायली, सेवासी, बिल ही गावं 2020 मध्ये महापालिकेत आली. अशा कडेच्या भागात राहायला गेल्यावर नळ आणि गटार कधी जोडलं जाईल हे दुसऱ्याच तक्त्यावर कळतं. त्यात शून्य टक्के आणि ताब्याची तारीख आठ महिन्यांवर, असं दिसलं तर ती तारीख धरून चालू नका, भाड्याच्या घराचा करार वर्षभराने वाढवूनच ठेवा.

गिऱ्हाइकांच्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची असते. ती काढायला आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए या तिघांचे दाखले लागतात. म्हणून विक्री आणि काम यांचं प्रमाण बघा. घरं 80 टक्के विकली गेलीत आणि काम चौथ्या स्लॅबवरच अडकलंय, अशी दोन-तीन तिमाह्या स्थिती असेल, तर पैसा आला पण काम हललं नाही. साइटवर जाऊन स्लॅब मोजा. दाखल्यात सात आणि डोळ्यांना पाच, हेही घडतं. मूळ मुदत आणि वाढवलेली मुदत दोन्ही वाचा. याच बिल्डरच्या आधीच्या स्कीमची पानंही उघडा. मुदतवाढ हा त्याचा शिरस्ता आहे की एखादा अपवाद, ते तिथे कळेल.

पान सगळ्यात तोकडं पडतं ते जमिनीच्या बाबतीत. वकिलाचा टायटल दाखला तिथे असतो, पण तो बिल्डरने नेमलेल्या वकिलाचा. त्यातला सर्व्हे नंबर घ्या आणि एनीआरओआर या गुजरात सरकारच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर गाव नमुना 7 (जमिनीचा उतारा) काढा. तो गुजरातीत असतो, क्षेत्रफळ हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये. 'बीजा हक्क अने बोजा' (इतर हक्क आणि बोजा) हा रकाना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. बँकेचा बोजा, कोर्टाचा मनाई हुकूम असल्या गोष्टी तिथे दिसतात. मग गाव नमुना 6 मधल्या फेरफाराच्या नोंदी: नोंद प्रमाणित आहे की अजून कच्ची, वारसांपैकी कुणाची सही राहिलीय का. जमीन 'नवी शरत'ची (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल तर प्रीमियम भरून शर्त उठवल्याचा हुकूम हवा, आणि बिनखेतीचा (बिगरशेतीचा) हुकूमही तुमच्याच सर्व्हे नंबरचा हवा.

यात टीपी स्कीमचा (टाउन प्लॅनिंग, नगररचना योजनेचा) पेच असतो. नगररचना योजनेत जमीन गेली की मूळ मालकाच्या जागेतून रस्ते, बागा यांसाठी भाग कापला जातो आणि उरलेल्याचा फायनल प्लॉट मिळतो. तो मूळ जागेवरच मिळेल असं नाही. कागदावर सर्व्हे नंबर एक आणि जमिनीवर प्लॉट दुसरीकडे, असं होऊ शकतं. म्हणून एफपी नंबर, टीपी नंबर आणि ती स्कीम ड्राफ्ट आहे, प्रिलिमिनरी आहे की फायनल, हे महापालिकेच्या किंवा वुडाच्या (बडोदा नगरविकास प्राधिकरणाच्या) नकाशावर बघा. "समोरून 18 मीटरचा रोड येतोय" हे वाक्य ड्राफ्ट स्कीमवर बोललं जात असेल, तर तो रोड सध्या कागदावरच आहे, हे लक्षात ठेवा. एवढं सगळं स्वतः जमलं तरी 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास) तुमच्या वकिलाकडून घ्या. त्याची फी वाचवायच्या भरीस पडू नका.

पैशाची शिस्त कायद्यानेच घालून दिलीय. नोंदणीकृत बानाखत होईपर्यंत किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. 47 लाखांवर ती 4 लाख 70 हजार. "बानाखत नंतर बघू, आधी 25 टक्के द्या" म्हटलं की उठायचं. पक्क्यात किती आणि कच्च्यात किती, ही बोलणी बडोद्याला नवी नाहीत. पण ताबा लांबला आणि परतावा मागायची वेळ आली, तर रेरासमोर कागदावरचीच रक्कम धरली जाते. 47 पैकी 17 लाख रोख दिले असतील तर मुद्दल आणि व्याज 30 लाखांवरच मिळेल.

करांचा हिशेब आधीच मांडा. गुजरातेत स्टॅम्प ड्यूटी 4.9 टक्के, म्हणजे 47 लाखांवर 2,30,300, आणि नोंदणी फी 1 टक्का, म्हणजे 47,000. दस्तावेज फक्त स्त्रीच्या नावाने केला तर ही नोंदणी फी माफ आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत जाते. जंत्री, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव, 15 एप्रिल 2023 पासून वाढली: जमिनीची दुप्पट, राहत्या फ्लॅटची 1.8 पट. दस्तावेजातली रक्कम जंत्रीपेक्षा कमी असेल तर ड्यूटी जंत्रीवर लागते. बांधकाम चालू असेल तर जीएसटी 5 टक्के, 2,35,000. बडोद्यात कार्पेट 90 चौरस मीटरपर्यंत आणि किंमत 45 लाखांपर्यंत असेल तर तोच 1 टक्का. पण त्या 45 लाखांत पार्किंग आणि डेव्हलपमेंट चार्जसुद्धा धरले जातात. घर 44 लाखांना आणि वर दीड लाखाचं पार्किंग असेल, तर 5 टक्केच पडणार. बीयू (बिल्डिंग यूज, म्हणजे इमारत वापरायची) परमिशन आल्यावर घेतलेल्या घरावर जीएसटी लागत नाही. मात्र बिल्डर तेवढा भाव वाढवतो, तेव्हा फरक मोजूनच ठरवा.

बीयूवरून आठवलं: "फर्निचरसाठी चावी घेऊन टाका" हा प्रकार इथे फार चालतो. सुतार कामाला लागतो, देवघर बसतं, माणूस राहायलाही जातो, आणि बीयू आलेलीच नसते. महापालिकेने वापराला परवानगी दिलेली नसताना तिथे राहणं म्हणजे उद्या इमारतीत अनधिकृत बदल निघाले, तर त्याचा भार आपल्या डोक्यावर घेणं. चावी घेताना 'ताबा मिळाला' या मजकुरावर सही करू नका. नुसती फर्निचरसाठी चावी घेतली, ताबा बीयूनंतर, असं लिहून घ्या. ताब्याच्या तारखेपासून पाच वर्षं बांधकामातले आणि कामाच्या दर्जातले दोष बिल्डरने 30 दिवसांत, फुकट दुरुस्त करून द्यायचे असतात. ती तारीख उगाच मागे सरकवून द्यायची नाही.

तक्रारीची सोय चांगली आहे, पण तिचा आवाका ओळखून जा. मुदतीत ताबा नाही मिळाला तर व्याजासह पैसे परत मागता येतात, किंवा थांबून दर महिन्याचं व्याज. हुकूम होणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं. बिल्डरने नाही भरले तर वसुली महसुली थकबाकीसारखी होते आणि तिला वेळ जातो. जुन्या, विकाऊ फ्लॅटला तर या पानाचा उपयोगच नाही. तिथे इंडेक्स-2 (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा), मूळ दस्तावेजांची साखळी, वेरा बिल (मालमत्ता कराचं), सोसायटीचं ना-हरकत, हे बघायचं. शहराच्या ज्या भागांना 1991 चा अशांत धारा (अशांत ठरवलेल्या भागातल्या मालमत्तेच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा) लागू आहे तिथे विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगीही लागते. ती हातात आल्याशिवाय मोठी रक्कम सोडू नका.

आणि विश्वामित्री नदी. रेराच्या पानावर तिचा पत्ता नाही. ऑगस्ट 2024 मध्ये काला घोडा पुलापाशी पाणी 35 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 26 फूट. नदीकाठापासून लांब आहोत म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण पाणी कांसांमधून (पावसाच्या पाण्याच्या नाल्यांमधून) उलटं शिरतं. भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस कुठून जातात आणि तुमच्या स्कीमपासून किती लांब आहेत, ते नकाशावर बघा. मग शेजारच्या जुन्या सोसायटीत जा. कंपाउंडच्या भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आहे, मीटर रूम किती फूट वर घेतलीय, लिफ्टच्या खड्ड्यात मोटर बसवलीय का, हे तिथल्या चौकीदाराला विचारा. आपल्या स्कीममध्ये तळघरात पार्किंग असेल तर उताराच्या तोंडाशी उंचवटा किती आहे ते टेपने मोजा. ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर रस्त्याच्या पातळीवर ठेवणार असतील, तर प्लिंथ किती उचलणार ते बानाखताच्या परिशिष्टात आकड्याने लिहून मागा. हे सगळं भर पावसात, जुलैच्या एखाद्या संध्याकाळी बघता आलं तर बुकिंग तेवढे दिवस पुढे ढकला.