व्हर्सायच्या बागेत जायचं तर कारंज्यांच्या दिवशीच जा

पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य गेलं, त्यामुळे पॅरिसजवळ व्हर्सायच्या राजमहालात माझं लक्ष आधी पाण्याकडे गेलं, मूर्तींकडे नंतर. पहिल्यांदा एका सहल कंपनीबरोबर गेलो. त्यांनी सगळा वेळ महालातच घालवला आणि बाग वरूनच दाखवून बसमध्ये बसवलं. म्हणून दोन दिवसांनी एकटाच परत गेलो, कारंज्यांचं तिकीट काढून.

लॅटोनाच्या कारंज्याशी अर्धा तास उभा होतो. ग्रीक सूर्यदेव अपोलोच्या या तहानलेल्या आईला शेतकऱ्यांनी पाणी पिऊ दिलं नाही, तळं ढवळून गढूळ केलं, म्हणून त्यांचे बेडूक झाले. एकाचं धड अजून माणसाचं आहे, तोंड मात्र बेडकाचं झालंय. हा महाल उभारणारा फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतःला सूर्य म्हणवायचा, म्हणजे अपोलोच. लहानपणी, १६४९ साली, बंडाळीमुळे त्याला आईबरोबर रातोरात पॅरिस सोडावं लागलं होतं. ते आठवलं की हे बेडूक मला नुसते पुराणातले वाटत नाहीत.

एन्सेलाडस तर चुकवूच नका. देवांवर चालून गेलेला हा राक्षस खडकांच्या ढिगाऱ्याखाली गाडला गेलाय. वर दिसतं ते डोकं, खांदे, हात. उघड्या तोंडातून पाण्याचा फवारा २५ मीटर वर जातो. शिल्पकार गास्पार मार्सीचं हे काम १६७५ ते १६७७ मधलं. पाणी बंद असताना तो नुसता ओरडताना दिसतो. पाणी सुटलं की अंगावर काटा येतो.

एवढ्या कारंज्यांना पुरेल इतकं पाणी मात्र राजाकडेही नव्हतं. सेन नदीचं पाणी चढवायला १६८४ मध्ये १४ चाकांचं मार्लीचं यंत्र सुरू झालं, तरी भागेना. राजा फिरायला निघाला की कामगार शिट्टी वाजवून पुढच्याला इशारा द्यायचे. तो पोचायच्या आत कारंजं सुरू, पुढे गेला की बंद. माझ्या हाताखालच्या व्हॉल्व्हमनची फार आठवण आली. मूर्ती घडवणाऱ्यांची नावं सगळीकडे आहेत, या शिट्टीवाल्यांची कुठेच नाहीत.

कारंजी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, तीही ठरावीक दिवशी आणि ठरावीक वेळांना चालतात. आधी वेळा बघा, मगच तिकीट काढा. हिवाळ्यात बऱ्याच संगमरवरी मूर्ती झाकलेल्या असतात. चालणं भरपूर आहे, नुसता मोठा कालवाच दीड किलोमीटरहून लांब आहे. चपला चांगल्या घाला.