फॉरमॅट न मारता दुरुस्त केलं

आमच्या ऑफिसचे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या काका-पुतण्यांचा पाचातला एक स्टार कापलाय तो बिलासाठी. त्याचं पुढं सांगते.

आमचं ऑफिस सीएचं, सांगलीत विश्रामबागेत. बारा-तेरा कॉम्प्युटर आणि एक सर्व्हर. आर्टिकलशिपची, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणारी मुलं एका जागेवर कधी बसत नाहीत. कुणी कुपवाड एमआयडीसीत ऑडिटला गेलं की त्याच्या खुर्चीत दुसरं कुणीतरी असतंच. म्हणून रोमिंग प्रोफाइलची सोय केलेली आहे. कुठल्याही मशीनवर लॉगिन करा, आपला डेस्कटॉप, आपल्या फायली, आपली सेटिंग समोर. ही सोय २०१९ च्या पुरानंतरची. तेव्हा ऑफिस मारुती चौकात तळमजल्यावर होतं. पाणी शिरलं आणि ज्याचं काम ज्या मशीनवर होतं ते त्या मशीनबरोबर गेलं. सरांनी तेव्हाच ठरवलं, इथून पुढं सगळं सर्व्हरवर.

यंदा नेमक्या ऑडिटच्या हंगामात ही सोय उलटली. खिडकीजवळच्या मशीनवर संध्याकाळी केलेलं काम सकाळी दुसऱ्या मशीनवर दिसेना. कुणाला सगळा डेस्कटॉप कोरा आणि कोपऱ्यात मेसेज, तुम्ही टेम्पररी प्रोफाइलवर आहात. त्या अवस्थेत सेव्ह केलेलं लॉगऑफ केलं की गायब. लॉगऑफला तर इतका वेळ लागायचा की मुलं सरळ बटण दाबून मशीन बंद करून घरी. आणि प्रोफाइल सर्व्हरवर परत कॉपी होते ती नेमकी लॉगऑफच्या वेळीच.

आधी जे यायचे (नाव घेत नाही) त्यांचा एकच उपाय. युजर उडवायचा, नवा बनवायचा. चार दिवस बरं चालायचं. शेवटी म्हणाले, सगळ्या मशीन फॉरमॅट मारूया. सप्टेंबरात! सरांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

मग एका क्लायंटनं यांचं नाव सुचवलं. काका आणि पुतण्या असे दोघं येतात. काकांनी माउसला हात लावायच्या आधी मला विचारलं, "मॅडम, एकच पोरगं दोन मशीनवर लॉगिन ठेवतंय का?" ठेवतंय की. एकावर टॅली, दुसऱ्यावर पोर्टल, हे आमच्याकडं रोजचं. त्यांनी सांगितलं की फायलींमध्ये ज्याची तारीख नवी ती टिकते, पण सेटिंग बहुतेक एनटीयूजर डॉट डॅट नावाच्या एकाच फाइलीत असतात आणि तिथं जो शेवटी लॉगऑफ होतो त्याचंच राहतं. म्हणजे सकाळी बदललेली सेटिंग संध्याकाळी जुनी व्हायची, त्यात भुताटकी काही नव्हती.

पुढं पुतण्यानं प्रत्येक मशीनवर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बिघाडांची नोंद उघडून त्यातले नंबर वहीत उतरवले. मी शेजारी बसून बघत होते, कारण आजवर आलेल्या कुणीच तो उघडल्याचं मला आठवत नाही. १५०४ म्हणजे प्रोफाइल सर्व्हरवर पूर्ण गेली नाही. १५०९ म्हणजे अमुक एक फाइल कॉपी झाली नाही, आणि तिथं त्या फाइलीचं नावही येतं. आमच्याकडं त्या फायली निघाल्या लांबलचक नावांच्या. क्लायंटच्या फोल्डरात वर्षाचं फोल्डर, त्यात नोटिशीचं फोल्डर, त्यात 'रिप्लाय फायनल रिवाइज्ड फायनल'. फोल्डरांच्या नावांसकट फाइलीचा पत्ता २६० अक्षरांच्या पुढं गेला की विंडोज अडतं, आणि सर्व्हरवरचा पत्ता मशीनवरच्यापेक्षा लांब, त्यामुळं इथं सेव्ह होणारी फाइल तिथं जाताना अडकते. मुलांना ही यादी वाचून दाखवली तेव्हा सगळे टेबलाखाली बघत होते.

जिन्याजवळच्या मशीनवर १५२१ होता, म्हणजे सर्व्हरवरची प्रोफाइलच सापडत नाही. त्यात डीएनएसच्या (नावावरून मशीन शोधून देणारी सोय) जागी राउटरचा पत्ता घातलेला. इंटरनेट मस्त चालतं, पण ऑफिसातल्या सर्व्हरचं नाव राउटरला कुठून ठाऊक असणार? हे काम दोन मिनिटांचं निघालं.

जुन्या स्कॅनरसाठी आम्ही दोन मशीनवर अजून विंडोज ७ ठेवलंय. तिथं बसणाऱ्याला कायम वेगळाच डेस्कटॉप दिसायचा. हा बिघाड नव्हेच. विंडोज ७ आपली प्रोफाइल सर्व्हरवर डॉट व्ही२ शेपटीच्या फोल्डरात ठेवतं आणि आमचं विंडोज १० डॉट व्ही६ मध्ये. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. आधीच्या माणसानं याच 'बिघाडा'चे आमच्याकडून किती वेळा पैसे घेतले असतील, ते सरांच्या समोर बोलू नये.

दुरुस्ती रविवारी ऑफिस बंद ठेवून केली. सुरुवातीला सर्व्हरवरच्या सगळ्या प्रोफाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवल्या, डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवली आणि ती माझ्या ताब्यात दिली. मग डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स थेट सर्व्हरवर वळवले. म्हणजे ती फोल्डरं आता इकडून तिकडं कॉपी होतच नाहीत, असतातच तिथं. डाउनलोड्सचं फोल्डर रोमिंगमधून वगळलं, त्यात मुलांनी काय काय साठवलं होतं ते मी पाहिलंय. ज्यांना टेम्पररी प्रोफाइल येत होती त्यांच्या मशीनच्या रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंगची नोंदवही) प्रोफाइललिस्टखाली डॉट बॅक शेपटीच्या नोंदी होत्या, त्या नीट केल्या. आता लॉगऑफ होईपर्यंत पर्स उचलायलाही वेळ मिळत नाही.

जे होणार नव्हतं तेही त्यांनी आधीच सांगितलं, हे मला जास्त आवडलं. मुलांची मागणी होती की क्रोमचे बुकमार्क पण सगळीकडं दिसावेत. "ते आपोआप न्हाई यायचं. क्रोम ते अ‍ॅपडेटाच्या लोकल फोल्डरमधी ठेवतंय, आणि लोकल रोमिंगमधी जात न्हाई." तसंच, डॉक्युमेंट्स सर्व्हरवर गेले म्हणजे सर्व्हर बंद पडला की सगळं ऑफिस हात बांधून बसणार, म्हणून यूपीएस तपासला. बॅटऱ्या संपलेल्या निघाल्या, त्या बदलायला लावल्या. आणि सरांना तोंडावर म्हणाले, "सिंक हाय म्हंजे बॅकअप हाय असं समजू नगा साहेब. हितनं डिलीट झालं की तिथनंबी जातंय." पुरानंतर आमचा समज नेमका तोच होता. आता रोज रात्री वेगळ्या डिस्कवर बॅकअप होतो.

आता कापलेला स्टार. बिल आलं ते हातानं लिहिलेलं, त्यावर एकच ओळ, 'सर्व्हिस', आणि पुढं आकडा. बॅटऱ्या किती, मजुरी किती, व्हिजिट किती, काही नाही. सीएच्या ऑफिसात असलं बिल द्यायला हिंमत लागते. सरांनी परत पाठवलं, मग फोड करून आलं, तेही आठवण केल्यावर. रक्कम रास्त होती, तिच्याबद्दल बोलणं नाही. दुपारी दोन ते चार फोन उचलत नाहीत. घरच्या एका कॉम्प्युटरसाठी यांना बोलावू नका, ते येणार नाहीत आणि तुम्हालाही परवडणार नाही. सर्व्हर असलेलं ऑफिस, पतसंस्था, मार्केट यार्डातली मोठी पेढी असेल तर जरूर.

वर्षाच्या कराराचं बोलणं चालू आहे. ते प्रिंटर पण धरून रक्कम सांगतायत, सर म्हणतात प्रिंटर वगळा. विंडोज ७ च्या दोन मशीन काढल्याशिवाय सही करणार नाही, ही त्यांची अट आहे, आणि स्कॅनर नवा घ्यायचा नाही ही सरांची.