मीटरवरचा एलपीजी: घनमीटरचे किलो करताना मारला जाणारा हात

ओव्हन, बॉयलर किंवा भट्टीसाठी एलपीजी घेताना पुरवठादार सांगतो, "टाकी आमची, व्हेपोरायझर (द्रव गॅस तापवून त्याची वाफ करणारं यंत्र) आमचा, तुम्ही फक्त मीटरप्रमाणे पैसे द्या." आमची फसवणूक या मीटरवरच झाली. मीटर बिघडलेला नव्हता. तो अगदी चोख चालत होता, म्हणूनच कुणाला संशय आला नाही.

वायूचा मीटर घनमीटर मोजतो आणि बिल मात्र किलोत येतं. मधे एक गुणक असतो, म्हणजे एका घनमीटरला किती किलो धरायचे तो आकडा, आणि सगळी चोरी त्या गुणकात. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन या वायूंचं मिश्रण. 15 अंश सेल्सिअसला, वातावरणाच्या दाबाला एक घनमीटर प्रोपेन सुमारे 1.9 किलो भरतो, ब्यूटेन सुमारे 2.5. प्रोपेन देऊन ब्यूटेनचा गुणक लावला, की तिथेच हात मारला गेला. पण खरी गोम दाबात आहे. गेजवर, म्हणजे दाबमापकावर, 1 बार (बार हे दाबाचं एकक) दिसतो तेव्हा वातावरणाचा 1 बार धरून वायू जवळपास दुप्पट दाबलेला असतो. करारात गुणक 1 बारचा होता. पुढे मीटरआधीचा रेग्युलेटर गुपचूप 0.5 बारवर उतरवला गेला, गुणक तोच राहिला. 2 भागिले 1.5, म्हणजे तब्बल 33 टक्के जास्तीचं बिल! बर्नरवर काहीच जाणवत नाही, कारण त्याच्या तोंडाशी दुसरा रेग्युलेटर असतो आणि तो ठरलेला दाब देत राहतो.

तापमानाचंही असंच. 15 अंशांचा गुणक आणि मीटरमधला वायू 35 अंशांचा असेल, तर साधारण 7 टक्के फुकट गेले. व्हेपोरायझरमधून वायू गरमच निघतो, त्यामुळे मीटर त्याला खेटून बसवू देऊ नका.

ताळा असा करा. एका किलोतून सुमारे 46 मेगाज्यूल, म्हणजे 12.8 किलोवॉट-तास उष्णता मिळते. 200 किलोवॉटचा बर्नर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण 15.6 किलो जाळतो. गॅस व्हॉल्व्हच्या वायरीवर तास मोजणारा मीटर लावा आणि ते तास ताशी किलोंनी गुणा. बर्नर त्याच्या प्लेटवर लिहिलेल्या क्षमतेलाच लावलेला असेल आणि तरी बिल या कमाल हिशेबाच्या वर जात असेल, तर एकतर गळती आहे नाहीतर गुणक खोटा. गळती आधी बघा, साबणाच्या पाण्याने. हा वायू हवेपेक्षा जड, खड्ड्यात आणि गटारात साचतो आणि हवेत 2 टक्के झाला तरी पेटू शकतो.

निर्विवाद पुरावा हवा असेल तर वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून त्याचाच वायू मीटरमधून जाळा. घटलेले किलो भागिले मीटरचे घनमीटर, हाच खरा गुणक. मात्र चाचणी मीटरच्या नेहमीच्या दाबावर करा आणि ज्योत लहान ठेवा, नाहीतर सिलिंडर गार पडून दाब ढासळतो.

गार पडण्याचा हाच गुण सिलिंडरवाले वापरतात. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती सिलिंडरच्या पत्र्यातूनच येते. मोठ्या बर्नरला मॅनिफोल्डवर (अनेक सिलिंडर एकत्र जोडणाऱ्या नळीवर) सिलिंडर कमी दिले की बाहेरून बर्फ धरतो, बर्नर बंद पडतो आणि "संपला" म्हणून आत कित्येक किलो असलेला सिलिंडर परत नेला जातो. गेजवर भरवसा ठेवू नका. द्रवाचा थेंब असेपर्यंत दाब तापमानावर आणि मिश्रणावर ठरतो, उरलेल्या मालावर नाही. येताना आणि जाताना, दोन्ही वेळा वजन करा आणि रिकाम्याचं कोरलेलं वजन वजा करा. सिलिंडर उलटा करा किंवा त्याला आच द्या असं कुणी सुचवलं तर त्याला आवारात उभं करू नका: द्रव बर्नरपर्यंत गेला तर ज्वाला भडकून बाहेर येते.

करारात गुणकासोबत दाब, तापमान आणि मिश्रण लिहून घ्या. रेग्युलेटरला दोघांचं सील लावा, मीटरजवळ स्वतःचा दाबमापक आणि थर्मामीटर बसवा, आणि प्रत्येक बिलाच्या मागे त्या दिवशीचे दोन्ही आकडे लिहून पुरवठादाराच्या माणसाची सही घ्या.